धुऱ्यांचे वस्त्र

बौद्ध भिक्षूच्या अंगावरचे चीवर दुरून एकसलग कापड वाटते. जवळून पाहिले की त्यातल्या शिवणी दिसतात: उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीत लांब आणि आखूड तुकडे, दोन पट्ट्यांमध्ये दुहेरी कापडाची अरुंद रेघ आणि चारही बाजूंनी फिरलेली किनार. अखंड कापड आधी कापायचे आणि मग तेच तुकडे पुन्हा जोडायचे, अशी ही उलटी वाटणारी शिलाई आहे. अंगाच्या मापाला बसावे म्हणून ती केलेली नसते, कारण चीवराला बाही नसते, गळा नसतो, बटण नसते. शेवटी हाती येतो तो साधा आयत.

हा आयत शेतावरून आला. भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ विनयपिटक, त्याच्या महावग्गात त्याची हकीकत आहे. राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना बुद्धांना मगधाची शेते दिसली. चौकोनी वाफे, त्यांच्या रांगा, मधले बांध आणि बांध एकमेकांना छेदतात ते चौक. असे चीवर करता येईल का, असे त्यांनी शिष्य आनंदाला विचारले. आनंदाने ते करून दाखवले, आणि थोडक्यात सांगितलेले नेमके समजून घेतो म्हणून बुद्धांनी त्याला शाबासकी दिली. चीवराच्या भागांची पाली नावेही शेतीच्या वळणाची आहेत. लांब बांध तो कुसी, आडवा आखूड बांध तो अड्ढकुसी, मधला वाफा ते मंडल.

असे बांध वऱ्हाडातही आहेत. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी हिवरखेड आहे. काळ्या रानात कापूस, तूर, ज्वारी. आणि दोन शेतांमधल्या बांधाला इथे म्हणतात धुरा. ‘कुसी’ला मराठी प्रतिशब्द हवा असेल तर तो शब्दकोशाआधी या धुऱ्यावर सापडतो. धुऱ्यावरून वऱ्हाडात सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, ही गोष्टही सर्वांच्या माहितीतली. शेतातला धुरा वाटणी दाखवतो. चीवरातला धुरा दोन तुकडे धरून ठेवतो. आनंदाने नकाशा शेताचा घेतला, पण कामाला लावला तो असा.

कापड कापण्यामागे व्यवहारही होता. सलग कापडाला बाजारात किंमत येते, तुकड्यांना येत नाही. कापलेले चीवर चोराच्या कामाचे राहत नाही आणि भिक्षूच्या मनातही त्याचा लोभ उरत नाही. एवढ्यावर न थांबता नव्या चीवरावर एक डाग मुद्दाम पाडायचा नियम आहे: निळा, चिखलाच्या रंगाचा किंवा काळपट. मराठी माणसाला हा ठिपका पाहून बाळाच्या गालावरची तीट आठवेल. तीट दुसऱ्याच्या नजरेसाठी असते, हा ठिपका स्वतःच्या नजरेसाठी.

चीवरे तीन: कमरेला अंतरवासक, खांद्यावरून उत्तरासंग आणि थंडीसाठी दुहेरी संघाटी. तीन का, याचे उत्तर विनयात उपदेशाने दिलेले नाही, प्रयोगाने दिले आहे. वैशालीजवळच्या गोतमक चैत्यात, माघ-फाल्गुनाच्या सांध्यावरच्या हिमाच्या रात्री, बुद्ध एका वस्त्रावर उघड्यात बसले. पहिला प्रहर सरला तसे गार वाटले, दुसरे घेतले; मधला सरला तसे तिसरे; शेवटचा सरताना चौथे. चार पदरांत थंडीला भित्रा माणूसही रात्र काढतो असे दिसले, म्हणून दुहेरी संघाटी आणि बाकी दोन एकेरी, असा हिशेब ठरला. धर्मग्रंथात इतका रोखठोक अंदाज क्वचित मिळतो.

कापड कोणते, याबाबत विनय सैल आहे. क्षौम, कापूस, रेशीम, लोकर, ताग आणि भांगेचा धागा असे सहा प्रकार चालतात. सुरुवातीला भिक्षू पांसुकूल, म्हणजे धुळीत पडलेल्या चिंध्या वेचून शिवत: मसणातल्या, उकिरड्यावरच्या, रस्त्यात टाकलेल्या. उज्जैनीच्या प्रद्योत राजाकडून मिळालेली उंची वस्त्रजोडी जीवक वैद्याने बुद्धांना अर्पण केली आणि गृहस्थांनी दिलेले कापड घेण्याची मोकळीक मागितली, तेव्हा ती मिळाली. ज्याला चिंध्याच वापरायच्या असतील त्याला मात्र कोणी अडवले नाही. बुद्धांचा शिष्य महाकाश्यप चिंध्यांवरच राहिला.

रंगाचे प्रकरण वऱ्हाडाच्या जास्त जवळचे आहे. आधी भिक्षू शेणाने आणि पिवळ्या मातीने कापड रंगवत, ते विद्रूप दिसे. मग सहा जागचे रंग सांगितले गेले: मूळ, खोड, साल, पान, फूल, फळ. रंग उकळून घ्यायचा, आणि तो शिजला की नाही हे पाहायला एक थेंब पाण्यात किंवा नखाच्या पाठीवर टाकायचा. झाडाचा काढा तुरट असतो, आणि तुरट रसाला संस्कृतात कषाय म्हणतात. त्यात बुडवलेले ते काषाय. म्हणजे भगव्या-तपकिरी वस्त्राचे हे नाव आधी जिभेला लागलेले आहे, डोळ्याला नंतर. हिवरखेड म्हणजे हिवराचे खेडे. हिवर बाभळीच्याच कुळातला, पांढुरक्या खोडाचा, काटेरी. त्याची साल तुरट असते आणि चामडे कमावायला वापरली जात असे. विनयाने झाडे नावानिशी नेमलेली नाहीत, प्रकार नेमले आहेत. सालीच्या प्रकारात हिवर सहज बसतो, फुलांच्या प्रकारात मेळघाटातला पळस.

शिवण्याच्या हत्यारांवर विनयाच्याच चुल्लवग्गात जे लिहिले आहे ते वाचताना शिंप्याचे दुकान डोळ्यांपुढे येते. सुरुवातीला भिक्षू कोंबड्याच्या पिसाने आणि बांबूच्या कामटीने शिवत, शिवण वेडीवाकडी येई. म्हणून सुईला परवानगी मिळाली. सुया गंजू लागल्या, म्हणून सुईची नळी आली. नळीतही गंजतात म्हणून त्यात पीठ, दगडाची भुकटी, मेण घालून पाहिले. बोटे टोचू लागली, म्हणून अंगुस्तान आले. काहींनी सोन्याचांदीची अंगुस्ताने केली, ती बंद करावी लागली. कापड ताणून बसवायला चौकट आली. तिचे नाव कठिन. रेघ सरळ यावी म्हणून आधी कच्चा टाका घालायचा, त्याला मोघसुत्त म्हणत, म्हणजे फुकाचा दोरा, जो नंतर काढून टाकायचा. इतक्या बारकाईने ज्या संघाने सुईचा विचार केला, त्याला शिवणकाम हलके वाटत असेल हे संभवत नाही. जो भिक्षू त्याला शिवता आलेच पाहिजे, ही इथली गृहीत गोष्ट आहे.

या चौकटीवरूनच कठिन चीवराच्या विधीला नाव मिळाले. वर्षावास, म्हणजे भिक्षूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत चालतो. त्यानंतर कार्तिक पौर्णिमेपर्यंतच्या महिन्यात गृहस्थांनी संघाला कापड द्यायचे आणि संघाने ते एकाच दिवसात कापून, शिवून, रंगवून पुरे करायचे. काम एकट्याच्या आवाक्यातले नाही, म्हणून सर्वांनी बसायचे. ज्येष्ठ, विद्वान किंवा ध्यानात मुरलेला म्हणून कोणाला सूट नाही.

सर्वांनी बसण्याचे सर्वांत देखणे चित्र धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे टीकेत, शिष्य अनुरुद्धाच्या चीवराच्या वेळी येते. चीवराच्या एका टोकाला महाकाश्यप, मध्यावर सारिपुत्त, दुसऱ्या टोकाला आनंद. बाकीचे भिक्षू सूत काढत आहेत आणि सुईत दोरा ओवून देत आहेत स्वतः बुद्ध. चिनी आगमांत हीच आठवण वेगळ्या रूपात आहे. तिथे अनुरुद्धाची दृष्टी गेलेली आहे. सुई ओवायला कोणी पुण्याचा इच्छुक येईल का, असे तो विचारतो, आणि बुद्ध पुढे होतात. आपल्याला पुण्याची काय गरज, असे विचारल्यावर, पुण्याची ओढ आपल्याइतकी कोणालाच नाही, असे ते सांगतात. पूर्व आशियात शिवणाऱ्यांच्या मंडळींत पुढे हीच गोष्ट रुजली.

महाराष्ट्रात चीवराचा एक जुना, पक्का पुरावा दगडावर आहे आणि तो हिशेबाच्या भाषेत आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला हा दानलेख सांगतो की त्याने ३,००० कार्षापण अक्षयनीवी म्हणून ठेवले. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पैसे ठेवले गोवर्धन गावच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे: २,००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने, आणि १,००० दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा २४०. एका कार्षापणाची चूक नाही. चीवराचा पैसा सावकाराकडे न ठेवता विणकरांकडे ठेवला, यात दात्याची समज दिसते. जो कापड विणतो त्याच्या मागालाच भांडवल मिळाले आणि त्याच मागाच्या मिळकतीतून भिक्षूचे अंग झाकले.

इथून वस्त्राचा प्रवास उत्तरेला आणि पूर्वेला गेला. थंड चीनमध्ये उघड्या खांद्याचे चीवर एकटे पुरेना. भिक्षू आत बाह्यांचा झगा घालू लागले आणि चीवर त्यावर आले. तिथे ते अंगरख्याचे काम सोडून खुणेचे काम करू लागले. ‘काषाय’चे चिनी उच्चारात ‘जियाशा’ झाले, जपानात ‘केसा’. मराठी कानाला इथे केस ऐकू येतात, पण त्यांचा संबंध नाही. उलट केस काढल्यावरच केसा मिळतो.

झेन, म्हणजे ध्यान शब्दाचेच चिनी मार्गे आलेले रूप, या परंपरेत वस्त्राला एक वजन आले जे इतर पंथांत तितके नाही. बुद्धांनी महाकाश्यपाचे मऊ चीवर स्वतः घेऊन आपले झिजलेले तागाचे चीवर त्याला दिले, ही संयुत्त निकायातली गोष्ट. झेनने तिच्यावर गुरुपरंपरेची इमारत उभी केली: तेच वस्त्र पिढी दर पिढी बोधिधर्मापर्यंत आले, त्याने ते चीनमध्ये नेले आणि सहावा आचार्य हुइनेंग (६३८–७१३) याच्यापर्यंत ते पोचले. हुइनेंगने ते खडकावर ठेवले आणि पाठलाग करणाऱ्याला उचलता आले नाही, असे आख्यान आहे. इतिहास म्हणून यातले फार थोडे टिकते. पण वस्त्र म्हणजे गुरूची सही, ही कल्पना मात्र या आख्यानाने कायमची बसवली.

जपानी सोतो झेनचा संस्थापक दोगेन (१२००–१२५३) तरुणपणी चीनला गेला. तिथल्या ध्यानगृहात पहाटेचे ध्यान संपताना शेजारचा भिक्षू घडी केलेला केसा डोक्यावर ठेवून, हात जोडून गाथा म्हणत होता. दोगेनने हे ग्रंथांत वाचले होते, पाहिले नव्हते. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. १२४० साली त्याने केसाच्या गुणांवर एक सबंध प्रकरण लिहिले. कोणत्या चिंध्या घ्याव्यात, कशा धुवाव्यात, कशी घडी घालावी, कसे नेसावे, इतके तपशील त्यात आहेत. रेशीम हिंसेचे म्हणून वर्ज्य, असे म्हणणाऱ्या चिनी पंडितांना तो झापतो. चिंधी ती चिंधी, ती रेशमाची की सुताची हा प्रश्न मनातून काढल्याशिवाय ती चिंधी होतच नाही, असा त्याचा रोख आहे.

हे सगळे असूनही जपानात बहुतेक भिक्षू वस्त्रे दुकानातूनच घेत आले, आणि आजही घेतात. भरजरी, किनखापी केसा मोठ्या मंदिरांत शोभेचा झाला. हातशिलाई ही झेनची सर्वसाधारण रीत नाही. ती काही हट्टी माणसांनी परत आणलेली रीत आहे. पहिला हट्टी माणूस झेनचा नव्हताच. शिंगोन पंथाच्या जिउन (१७१८–१८०४) याने जुनी वस्त्रे आणि विनयाचे पाठ तपासून बुद्धकालीन रीतीचा केसा कसा असावा याचा अभ्यास केला आणि शिष्यांकडून असे केसा शिववून घेतले. विसाव्या शतकात सोतो झेनच्या कोदो सावाकी (१८८०–१९६५) याने हा धागा उचलला. हा रशिया-जपान युद्धात जखमी झालेला सैनिक, मठाधिपती होण्यात रस नसलेला आणि आयुष्यभर गावोगाव हिंडून ध्यान शिकवणारा. लोक त्याला ‘घर नसलेला कोदो’ म्हणत. ध्यानाला बसणे आणि केसा शिवणे या दोनच गोष्टी त्याने धरल्या. दुसरी गोष्ट त्याने गृहस्थांनाही खुली केली, आणि शिकवायला पुढे आल्या त्या बहुतांशी बायका. क्योतोच्या आंताइजी मठातली भिक्षुणी जोशिन कासाई १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या झेन केंद्रात शिवण शिकवायला गेली. तिच्याकडून शिकलेल्या ब्लँच हार्टमन (१९२६–२०१६) यांनी तिथे पुढे कित्येक दशके ते चालवले. अमेरिकेतल्या कित्येक झेन केंद्रांत आज शील घेऊ इच्छिणाऱ्याला आधी सुई हातात घ्यावी लागते, ती या वाटेने.

गृहस्थ जो शिवतो तो राकुसु: पाच पट्ट्यांचा छोटा केसा, गळ्यातून छातीवर लोंबणारा, लहान मुलाच्या लाळेऱ्याएवढा. भिक्षूचा मोठा केसा सात किंवा अधिक विषम पट्ट्यांचा. पाच पट्ट्यांत प्रत्येक पट्टी एक लांब आणि एक आखूड तुकड्याची, सातांत दोन लांब आणि एक आखूड. मोठ्या केसाचे माप टेपने घेत नाहीत, शिवणाऱ्याच्या स्वतःच्या कोपरापासून हातापर्यंतच्या लांबीने घेतात. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या हातभर-वीतभर मोजतात तसे. पट्ट्या एकमेकींवर अशा चढवतात की धुऱ्यावरून पाणी खाली उतरावे. शेताची उपमा जपानीत ‘पुण्यक्षेत्र’ या नावाने जिवंत आहे, आणि शिवणाऱ्या मंडळालाही ‘पुण्यक्षेत्र मंडळ’ अशाच अर्थाचे नाव असते.

टाका म्हणजे हातटीप: सुई पुढे काढायची, किंचित मागे घ्यायची आणि पुन्हा पुढे. कापडावर वरून दिसतो तो बारीक ठिपका, तांदळाच्या कणीएवढा. प्रत्येक ठिपक्याबरोबर मनात किंवा ओठांत तीन शब्द म्हणायचे: नामु किए बुत्सु. ‘नामु’ म्हणजे आपले नमो, ‘बुत्सु’ म्हणजे बुद्ध, आणि मधला शब्द शरण जाण्याचा. विहारात त्रिशरण म्हणणाऱ्या माणसाला हे परके वाटायचे कारण नाही. तिथे जे तीनदा म्हणतात ते इथे काही हजार वेळा, दर वेळी सुईच्या टोकाने, म्हटले जाते. कापड जमिनीवर ठेवत नाहीत. गप्पा बेताच्या. मानेच्या मागे पट्टीवर हिरव्या धाग्याने पाइनच्या पानाची मोडकी काडी भरतात, ती सोतो पंथाची खूण. शिवून झाले की राकुसु गुरूकडे जातो. गुरू त्याच्या पांढऱ्या अस्तरावर नवे नाव लिहितो आणि शीलग्रहणाच्या दिवशी तो परत देतो. स्वतः शिवलेली वस्तू दुसऱ्याच्या हातून मिळाल्याशिवाय घालता येत नाही, ही या रीतीतली सर्वांत अर्थपूर्ण अडवणूक आहे.

यात साधना कुठे आहे? मंत्र जपमाळेवरही म्हणता येतो. फरक असा की जपात मन भरकटले तर त्याची नोंद कुठे राहत नाही, शिवणीत राहते. राग आला की दोरा ओढला जातो आणि कापड चुणते. घाई झाली की टाके लांब पडतात. झोप आली की रेघ वाकते. उसवून पुन्हा घालायला मुभा असते, पण तेव्हाही तीच सुई, तेच तीन शब्द. सावाकीच्या परंपरेत ध्यानातून काही मिळवायचे नाही यावर कटाक्ष आहे, आणि शिवण त्याला एका अंगाने विरोधी वाटते, कारण तिच्यातून वस्तू तयार होते. पण ती वस्तू विकता येत नाही, मिरवता येत नाही आणि तिच्यावर उठून दिसतात त्या आपल्याच चुका. ज्याचा हात शिवणात सराईत आहे त्याला ही साधना सोपी जाते असेही नाही. सराईत हात बोलता बोलता शिवतो, आणि इथे नेमके तेच नको असते.

वऱ्हाडाला चिंध्यांचे वस्त्र झेनकडून शिकावे लागले नसते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ देह ठेवलेले गाडगेबाबा अंगावर ठिगळांचे कपडे घालत. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. ते बौद्ध नव्हते, चीवर त्यांनी कधी घेतले नाही. पण टाकलेल्या कापडाला अंगावर मान देणे आणि हातात झाडू घेणे या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात, हे पांसुकूलाच्या नियमांपेक्षा त्यांच्याकडे पाहून लवकर कळते. घराघरांतली वाकळ, वऱ्हाडीत ‘वाकय’, हीदेखील तीच विद्या आहे: जुने लुगडे, फाटके धोतर, मुलांची अंगडी, वर धावदोरा. झेनच्या हातटिपेपेक्षा तिचा टाका मोठा आणि मोकळा असतो, पण जीर्ण कापड फेकायचे नसते ही समजूत तीच.

विणण्याचेही तसेच. नागपूर-वऱ्हाडकडच्या महार समाजात जाडेभरडे कापड विणणारी कितीतरी घरे होती. एकोणिसाव्या शतकात नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्या आल्या आणि तो माग हळूहळू थांबला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला, त्यांत या विणकरांची नातवंडे होती. त्या दिवशीचा रंग पांढरा होता. शुभ्र वस्त्रे नेसून या, असे सांगितलेले होते, आणि बाबासाहेबांना दीक्षा देणारे कुशीनगरचे महास्थवीर चंद्रमणी चीवरात होते. पाली ग्रंथांत उपासकाला ‘ओदातवसन’, पांढऱ्या वस्त्राचा, म्हणतात. लोकांनी तो शब्द न वाचता अंगावर घेतला.

आज वऱ्हाडातल्या गावांच्या बुद्धविहारांत वर्षावासाचे तीन महिने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. पांढऱ्या साड्या नेसून बाया संध्याकाळी जमतात आणि समारोपाला भंतेंना भोजनदान आणि चीवरदान होते. ते चीवर तयार मिळते. दीक्षाभूमीच्या आसपासच्या दुकानांत घडी घातलेले असते, काही थायलंडकडून आलेले, पट्ट्या मशीनने टाकलेल्या, रंग कारखान्याचा. उन्हाळ्यातल्या श्रामणेर शिबिरात मुले दहा दिवस चीवर घालतात, नेसायला शिकतात, शिवायला नाही. यात दोष देण्यासारखे काही नाही. ज्या समाजाला अंगभर कापड मिळवायलाच पिढ्या लागल्या, त्याने भिक्षूला नवे कोरे वस्त्र द्यावे यातला मान वेगळा आहे. चिंधी ही ज्याला निवडता येते त्याचीच साधना होते. ज्याच्यावर ती लादलेली होती त्याला ती परत उचला म्हणणे बेअदबी ठरेल. पण नवे कापड आणून ते स्वतःच्या हाताने कापणे, टाके घालणे आणि सालीच्या काढ्यात बुडवणे याला त्या मानाचा कुठेही अडथळा नाही. विनयालाही कठिनाचे कापड गृहस्थाने दिलेलेच अपेक्षित आहे. संघाने करायचे ते हाताचे काम.

जपानी शब्द मात्र एका वेगळ्या वाटेने विदर्भात पोचला आहे. संघरक्षित (१९२५–२०१८) हे इंग्रज भिक्षू ६ डिसेंबर १९५६ रोजी नागपुरात होते आणि बाबासाहेबांच्या निधनानंतरच्या त्या दिवसांत त्यांनी लोकांपुढे भाषणे केली. पुढे त्यांनी इंग्लंडमध्ये स्थापलेल्या संघाचे काम महाराष्ट्रात त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण या नावाने सुरू झाले. त्याचे धम्मचारी भिक्षू नसतात, संसारात असतात, आणि दीक्षेच्या वेळी गळ्यात त्रिरत्नाची खूण असलेली पांढरी पट्टी घेतात. तिला केसा म्हणतात. संस्कृत काषाय चीन-जपान फिरून मराठी माणसाच्या गळ्यात परत आला, तो रंग मागे टाकून.

चीवराचा शेवटही विनयात नोंदलेला आहे. कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दिली, तेव्हा राजाला हा साठेबाजीचा प्रकार वाटला आणि त्याने चौकशी केली. आनंदाने क्रमाने सांगितले: नवी चीवरे जीर्ण चीवरांच्या भिक्षूंना वाटायची, जीर्ण झालेल्यांची अंथरुणावरची चादर, जुन्या चादरींच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची बिछायत, बिछायतीची पायपुसणी, पायपुसण्यांचे झटकायचे फडके, आणि फडकी फाटली की ती कुटून, मातीत कालवून भुई सारवायची. राजाने आणखी पाचशे दिली. ज्या घरात लुगड्याची वाकळ, वाकळीचे पायपुसणे आणि पायपुसण्याचे सारवायचे पोतेरे झालेले आहे, तिथे आनंदाचे उत्तर समजावून द्यावे लागत नाही.

कठिनाच्या वस्त्राचा महिना आश्विन पौर्णिमेला सुरू होतो आणि कार्तिक पौर्णिमेला संपतो. हिवरखेडच्या काळ्या रानात सीतादहीची पूजा होऊन कापसाची पहिली वेचणी लागते, ती याच महिन्यात.